बीटलचं इंजिन विमानासाठी बांधतोय, क्रँकच्या एंडप्लेपाशी अडलोय

पाना_दर्यापूर (धागा सुरू करणारा)

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, पण वाचा.

दर्यापूरला माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं झाली. ट्रॅक्टर, जीप, मारुती, वावरातले डिझेल पंप, जे दारात येईल त्याचं इंजिन बांधून देतो. विमानाचं इंजिन मात्र आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर आलंय.

आमच्या गावातले एक काका हवाई दलातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले. बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये ते सहा वर्षांपासून लाकडाचं एकआसनी विमान बांधतायत. नकाशे फोक्सप्लेन व्हीपी-१ चे. अमेरिकेत बड इव्हान्स यांनी घरी बांधणाऱ्यांसाठीच हे डिझाइन केलं, पहिलं उड्डाण १९६८ चं. धड झालं, पंख झाले, शेपटी झाली. इंजिन काकांनी तयार विकत घेतलं. फोक्सवॅगन बीटलचं, हवेवर थंड होणारं, दोन सिलिंडर इकडं दोन तिकडं असं आडवं, बोअर ८५.५ मिमी, स्ट्रोक ६९ मिमी, १५८४ सीसी. आधीच कोणीतरी विमानासाठी बदललेलं. जिथं पुली असते त्या टोकाला प्रोपेलरचा हब बसवलेला. विकणाऱ्यानं सांगितलं, चाळीस तास चाललंय, रिंगा टाका आणि लावा.

मी उघडलं, आणि उघडायच्या आधी क्रँकला, म्हणजे पिस्टनमुळं फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, डायल गेज लावला. पुढंमागं हलवला तर काटा ०.३१ मिमी फिरला. हे पुढंमागं सरकणं म्हणजेच एंडप्ले. पुस्तकातलं माप ०.०७ ते ०.१३ आहे, म्हणजे आपल्या भाषेत तीन ते पाच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). इथं बारा थाऊ. केस, म्हणजे क्रँकभोवतीचं दोन भागांचं कवच, फोडल्यावर दिसलं की हबच्या बाजूचं चार नंबरचं मेन बेअरिंग ज्या पिनेवर अडकतं तिचं भोक लांबट झालंय. तीन नंबरचा एक्झॉस्ट वाल्व्ह गाइडमध्ये डुलतोय. केसच्या दोन अर्ध्या भागांमध्ये सिलिकॉन एवढं भरलंय की त्याचे लोळे आत सुटून ऑइलच्या गाळणीवर चिकटलेत. हे इंजिन चाळीस तास चाललं असेल, तर ते नशिबानं चाललं.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. हे बीटल गाडीत परत जाणार असतं तर मी काय केलं असतं? क्रँक पॉलिश, नवे बेअरिंग, शिम (पातळ चकत्या) बदलून एंडप्ले मापात, वाल्व्ह गाइड, रिंगा. चार दिवसांत गाडी रस्त्यावर. आणि ते काम चुकीचं नसतं. पण काकांसमोर बसून एकेक भाग हातात घेताना कळायला लागलं की प्रोपेलर लावला की क्रँकचं काम बदलतं. या इंजिनात क्रँकचा पुढंमागं जाणारा भार फक्त एक नंबरच्या बेअरिंगची कड घेते, फ्लायव्हीलच्या बाजूची. गाडीत तो भार कधी येतो? ड्रायव्हर क्लच दाबतो तेव्हा. गिअर पडला, पाय उचलला, भार गेला. विमानात प्रोपेलर क्रँकला ओढतो ते जमिनीवरून सुटल्यापासून उतरेपर्यंत, मध्ये श्वास नाही. त्यात विमान वळलं की फिरता प्रोपेलर भोवऱ्यासारखा अडतो आणि क्रँकचं नाक वाकवायला बघतो. नाकापाशी बेअरिंग कोणतं? तेच चार नंबरचं, सगळ्यांत बारीक. बाकी तीन जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे क्रँकचे भाग, ५५ मिमीचे, हे ४० चं. गाडीत त्यावर फक्त पंख्याच्या पट्ट्याचा ताण असायचा.

माझे प्रश्न दोन. क्रँकला तडा आहे की नाही हे विदर्भात कुठं खात्रीनं बघून मिळेल? आणि मॅग्नेशियमच्या केसचं लाइन बोअरिंग (बेअरिंगची भोकं एका रेषेत कापणं) करून देणारा, केलेल्या कामाचं माप लिहून देणारा कोणी माहीत आहे का?

---

वावरातला_गडी

भाऊ, वाचून लय बरं वाटलं. एक इचारतो, रागावू नका. बीटलचे पार्ट कुठून आनता? आपल्याकडं मारुती ८०० चे इंजिन ढिगानं पडले हायेत, पार्ट तालुक्याले भेटतात, सगळे मिस्त्री डोये झाकून बांधतात. तेच काहून नाई लावत? मी सोता दोन बांधले, एक पेरणी यंत्रावर हाय, आजवर बंद नाई पडलं.

---

पाना_दर्यापूर

दादा, हाच प्रश्न मी काकांना पहिल्या दिवशी विचारला होता. उत्तर त्यांनी कागदावर गणित करून दिलं. माझ्यापेक्षा आपले मास्तर नीट सांगतील.

---

भौतिकी_अंजनगाव

सांगतो. गणित सोपं आहे, पण त्याच्यावर सगळं ठरतं.

प्रोपेलर ५४ इंची धरा, म्हणजे १.३७ मीटर. एका फेऱ्यात टोक साधारण ४.३ मीटर फिरतं. बीटलचं इंजिन ३२०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) थेट प्रोपेलर फिरवतं, म्हणजे सेकंदाला ५३ फेरे. टोकाचा वेग सेकंदाला २३० मीटर. आपल्याकडच्या ४० अंशांच्या हवेत आवाजाचा वेग ३५५ मीटर. प्रमाण पासष्ट टक्के, प्रोपेलर खूश.

मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर. त्याची पूर्ण ताकद ५५०० आरपीएमच्या आसपास मिळते. तोच प्रोपेलर त्याला थेट जोडला तर टोकाचा वेग ३९५ मीटर, आवाजापेक्षा जास्त. तिथं प्रोपेलर ओढत नाही, हवा फाडतो आणि गोंगाट करतो. ३२०० वर चालवा म्हणाल, तर छोट्या इंजिनात तेवढ्या आरपीएमला ताकदच नाही. म्हणून मध्ये रिडक्शन लागतं, म्हणजे फेरे कमी करणारा गिअर किंवा पट्टा. रोटॅक्स ९१२ हे विमानासाठीच बनवलेलं इंजिन बघा: १२११ सीसी, ५८०० आरपीएमवर ८० अश्वशक्ती, आणि प्रोपेलरच्या आधी २.२७ ला १ असा गिअर.

घरी रिडक्शन करण्यात अडचण ताकदीची नसते, पिळाची असते. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला एक धक्का बसतो. एका टोकाला प्रोपेलर म्हणजे मोठं जड चाक, दुसऱ्या टोकाला फ्लायव्हील, मध्ये गिअरचे दात किंवा पट्टा. या सगळ्याचा स्वतःचा झुलण्याचा ताल असतो. सिलिंडरचे धक्के त्या तालाला जुळले की झोका वाढत जातो आणि दात तुटतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात धक्के लांब अंतरानं आणि जोरात येतात. परदेशात सुझुकीची इंजिनं रिडक्शन लावून उडवणारे आहेत, पण त्यांनी त्या एका जोडणीवर वर्षं घालवलीत.

पेरणी यंत्रावर हे काही नाही. तिथं तुमचं इंजिन उत्तमच चालणार.

---

वावरातला_गडी

मास्तर, समजलं. पट्टा तुटला त यंत्र वावरात उभं राह्यते, वर उभं राहाले जागा नाई.

---

हँगर_सोनेगाव

नागपूरहून लिहितो आहे. तीस वर्षे विमानांच्या इंजिनांवर काम केले, आता निवृत्त.

आधी आपल्या मिस्त्रींना एक सांगायचे आहे. आपण 'फक्त गॅरेजवाला' आहोत असे मनात आणू नका. राईट बंधूंचे १९०३ चे इंजिन चार्ली टेलर यांनी सायकलच्या दुकानात सहा आठवड्यांत बनवले होते. बारा अश्वशक्ती, ॲल्युमिनियमचा केस. १९२९ मध्ये मिनेसोटातल्या एका खेड्यात बर्नार्ड पीटनपोल यांनी फोर्ड मॉडेल ए मोटारीचे इंजिन लावून एअर कॅम्पर उडवले, आणि ते विमान आजही लोक घरी बांधतात. युरोपात तर फोक्सवॅगनच्या याच घडणीवरून लिंबाख कंपनीने मोटर-ग्लायडरची प्रमाणित इंजिने बनवली. म्हणजे आपण धरलेली वाट मळलेली आहे.

आता क्रँक. तो आधी तपासा, पॉलिशला मुळीच देऊ नका. पॉलिशने बारीक तड्याचे तोंड मिटते. मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी मागा: क्रँकला चुंबकत्व देतात, त्यावर लोखंडाची बारीक भुकटी असलेले द्रव सोडतात आणि काळ्या (अतिनील) दिव्याखाली तड्यावर भुकटीची रेघ उमटते. नागपुरात औद्योगिक वसाहतींमध्ये एनडीटी, म्हणजे भाग न तोडता तपासणी, करून देणारे आहेत. तीन गोष्टी त्यांना स्पष्ट सांगा. हब काढून क्रँक उघडा द्या. नाकावरची चावीची खाच आणि चार नंबरच्या जर्नलचा कोपरा दोन्ही दिशांनी बघायला सांगा. आणि तपासणीनंतर चुंबकत्व काढून घ्या, नाहीतर तोच क्रँक पुढे लोखंडाचा कीस गोळा करत बसेल. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे आहेत, तिथे ही पद्धत चालत नाही. त्यांना रंगद्रव भरून बघतात. वाल्व्ह सीट आणि प्लगच्या भोकामधला भाग विशेष बघा.

तीन नंबरच्या एक्झॉस्ट वाल्व्हबद्दल लिहिलेत ते पटले. बीटल गाडीत तीन नंबरचा सिलिंडर गरम राहायचा, कारण जुन्या पंख्याच्या आवरणात ऑइल कूलर त्याच्याच हवेच्या वाटेत उभा असे. हेड गाडीतून आलेले असेल तर तो वाल्व्ह कितीही चांगला दिसला तरी नवा टाका. चारही एक्झॉस्ट नवेच टाका.

---

लेथ_एमआयडीसी_अकोला

लाइन बोअरिंगबद्दल मी बोलतो, रोजचं काम आहे.

दोन अर्धी जोडून सहा मोठे स्टड पूर्ण टॉर्कला ओढल्याशिवाय बोअरला हात लावू देऊ नका. ढिल्या केसमध्ये बोअर केला की टॉर्क दिल्यावर तो अंडाकृती होतो. त्याआधी जोडाच्या दोन्ही कडा सपाट तेलदगडावर नुसत्या फिरवून बघा, एखादा ओरखडा वर आला असेल तर तिथंच कळेल. तीन मोठी भोकं मूळ ६५ मिमीची असतात. पहिला बोअर अर्धा मिमी वाढवून, आणि बेअरिंग बाहेरून तेवढ्याच ओव्हरसाइजचे. आधी कोणी बोअर केलाय का ते मोजा, दोन-तीन वेळा झालेला केस आमच्याकडं आला तर आम्ही परत पाठवतो.

क्रँक ग्राइंड करायची वेळ आली तर ग्राइंडरवाल्याला एकच विचारा: कोपऱ्यातली गोलाई ठेवतोस का? जर्नल जिथं वेबला (क्रँकच्या जाड बाजूच्या भिंतीला) भेटतो तिथं गोलाई असते. धार झिजलेल्या दगडाला घाईत नवी धार दिली की तिथं चौकोनी कोपरा पडतो. दिसायला स्वच्छ. तडा तिथूनच निघतो.

आणि एक, तुम्ही दर्यापूरचे म्हणून सांगतो. केस धुवायला बोअरवेलचं पाणी वापरू नका.

---

पाना_दर्यापूर

लेथवाले दादा, शेवटची ओळ वाचून मी उठून शेडमध्ये गेलो. केसच्या बुडाला पांढरी पूड दिसली होती, मी रॉकेलनं पुसून विसरलो होतो. आम्ही खारपाणपट्ट्यात आहोत हे आम्हाला कोणी सांगायला नको. इथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, पिकं मान टाकतात. तेच पाणी मॅग्नेशियमवर पडलं तर मीठ त्याला खातं. माझ्या पोरानं पहिल्या दिवशी प्रेशरनं केस धुतला होता, बोअरच्याच पाण्यानं. चूक माझी, मी सांगायला हवं होतं. आता पावसाचं गाळलेलं पाणी कॅनमध्ये ठेवलंय, त्यानं दोनदा धुतला, हवेनं वाळवला आणि तेलाचा हात फिरवला. खड्डे वरवरचे आहेत, बेअरिंगच्या जागेत गेलेले नाहीत.

क्रँक सोमवारी नागपूरला घेऊन जातोय. कुरिअरनं पाठवणार नाही.

---

पैनगंगा_काठ

मी इंजिनातलं काही जाणत नाही. यवतमाळ जिल्ह्यातली आहे, शाळेत शिकवते. हा धागा सुरुवातीपासून वाचतेय आणि एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यात घरी बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना एका तरुण कारागिराचा जीव गेला. इंजिन मारुतीचंच होतं. मागच्या पंख्याचं पातं तुटलं, ते मुख्य पंख्यावर आदळलं आणि तो पंखा त्याला लागला. मशीन जमिनीवर होती. ती बातमी बाहेर दोन दिवस चालली. आमच्याकडं अजून चालते. माझ्या वर्गातली मुलं त्याचं नाव अभिमानानं घेतात आणि मला प्रत्येक वेळी त्याच्या आईची आठवण येते.

तुम्ही सगळे फार मनापासून काम करताय. मला एवढंच विचारायचंय की पहिल्यांदा इंजिन सुरू कराल तेव्हा कोण कुठं उभं असेल, हे कोणी ठरवलंय का?

---

पाना_दर्यापूर

ताई, तुमचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हे आधी ठरवायला पाहिजे होतं.

तर आज ठरवलं. पहिला स्टार्ट विमानावर नाही, स्टँडवर. स्टँड शेडच्या आत नाही, मागच्या मोकळ्या जागेत. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात फुगते, त्यामुळे नुसते खुंटे ठोकून भागत नाही; जिनिंगच्या जुन्या मशीनचं काँक्रीटचं फाउंडेशन आहे, स्टँड त्यालाच बोल्टनं बांधणार. प्रोपेलर ज्या पातळीत फिरतो त्या रेषेत दोन्ही बाजूंना लांबवर दोर बांधणार, तिथं माणूस नाही, पोरं नाहीत, कुत्रं नाही. थ्रॉटल आणि बंद करायचं बटण लांब वायरवर, मागच्या बाजूला. गावात बातमी लागली की निम्मं गाव बघायला येणार, म्हणून दिवस कोणाला सांगणार नाही.

---

हँगर_सोनेगाव

बटणाबद्दल एक भर. इग्निशन मॅग्नेटोचे (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगी तयार करणारे) असेल तर लक्षात ठेवा, मॅग्नेटो 'बंद' होतो तो तार जमिनीला जोडल्यामुळे. ती तार तुटली तर बटण बंद दाखवेल आणि मॅग्नेटो चालूच असेल. बॅटरी काढली तरी फरक पडत नाही. म्हणून उभ्या इंजिनाचा प्रोपेलर हाताने हलवायचा असेल तर प्रत्येक वेळी तो पेटेलच असे समजून उभे राहा. इंजिन थांबवायचे ते नेहमी पेट्रोल तोडून, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामे राहील.

---

कायद्याचं_बोला

तांत्रिक चर्चा उत्तम चाललीय. पण हे विमान उडवायची परवानगी आहे का? आपल्याकडं ड्रोनसुद्धा नोंदवावा लागतो.

---

हँगर_सोनेगाव

योग्य प्रश्न. उडवण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी, दोन्ही लागतात. तपासणीला माणसे येतात, कागद मागतात. मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले, २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. त्यांनाही नोंदणी आणि परवानगीसाठी वर्षे लागली. म्हणून मिस्त्रींनी आजपासून वही घालावी. प्रत्येक माप, प्रत्येक टॉर्क, कोणता भाग कुठून आला, त्याची पावती. शेतातून परवानगीशिवाय उडायचा विचार कोणीही करू नये.

---

पाना_दर्यापूर

वही पहिल्या दिवसापासून आहे. काकांनी गॅरेजमध्ये पाऊल टाकलं तेच वही घेऊन. मला सुरुवातीला राग आला होता, खरं सांगतो. बावीस वर्षांत कोणी माझ्या मापावर सही मागितली नव्हती. आता मी ट्रॅक्टरच्या इंजिनाचंही लिहून ठेवायला लागलोय.

---

पंपवाला_मूर्तिजापूर

पेट्रोलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आता आपल्याकडं पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. बीटलच्या काळातले रबर, फ्लोटची सुई, पंपाचा पडदा हे इथेनॉलसाठी नव्हते. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धी टाकी महिनाभर उभी राहिली तर पाणी खाली बसतं, इथेनॉल घेऊन. तुमची टाकी कशाची आहे?

तपासायचं सोपं आहे. मापाच्या नळीत दहा मिलि पाणी, वर नव्वद मिलि पेट्रोल, हलवा आणि ठेवा. खालचा थर दहाच्या वर जितका वाढला तितकं अल्कोहोल त्यात उतरलं.

---

पाना_दर्यापूर

टाकी फायबरग्लासची आहे. काकांनी पाच वर्षांपूर्वी केली तेव्हा ई-२० चा विषय नव्हता. त्याच रेझिनचा उरलेला तुकडा पेट्रोलच्या बरणीत बुडवून ठेवलाय. चार दिवसांत कड नखानं दबायला लागली. म्हणजे टाकी ॲल्युमिनियमची नवी होणार. पंपवाले दादा, तुम्ही विचारलं नसतं तर हे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकल्यावर कळलं असतं.

---

भौतिकी_अंजनगाव

आणखी एक गणित, उन्हाळ्याचं. आपला भाग समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटर. मे महिन्यात ४५ अंश. त्या हवेची घनता प्रमाण हवेच्या साधारण ८७ टक्के भरते, म्हणजे आठातला एक भाग हवा नाहीच. प्रमाण वातावरणात एवढी विरळ हवा चौदाशे मीटरच्या जवळपास असते, चिखलदऱ्याच्याही वर. इंजिनाला ताकद कमी, प्रोपेलरला पकड कमी, पंखाला उचल कमी, आणि थंड करणारी हवाही तेवढीच विरळ. पहिली उड्डाणं डिसेंबर-जानेवारीत पहाटे करा.

---

हँगर_सोनेगाव

मास्तरांना पूर्ण अनुमोदन. त्यातली थंड करण्याची बाजू जास्त महत्त्वाची. गाडीत पंखा हवा ढकलत होता, विमानात ती वाऱ्याने येते. सिलिंडरच्या वरून खाली, पाकळ्यांमधून (सिलिंडरवरच्या पातळ धातूच्या कडांमधून) गेली तरच उपयोग. फटीतून बाजूने निसटली की हेड तापते. सिलिंडरच्या खाली जे पत्रे असतात ते बरेच जण वजन वाचवायला काढून टाकतात. ते काढू नका, हवा पाकळ्यांना चिकटून वळावी म्हणूनच ते आहेत. वरचे आवरण बनवाल तेव्हा आत दिवा लावून रात्री बघा, जिथून उजेड येतो तिथून हवा जाते. प्रत्येक हेडला तापमानाचा सेन्सर लावा, एका हेडवर समाधान मानू नका. सलग उड्डाणात २०० अंश सेल्सियसच्या आत ठेवलेत तर हे हेड टिकतील.

उलट पावसाळ्यात कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. वीस-पंचवीस अंश आणि दमट हवा, म्हणजे आपला ऑगस्ट. लोकांना खरे वाटत नाही. गरम हवेची झडप हवीच.

---

जिनिंग_लेबर_लीडर

शेडमध्ये बसून काम करताय म्हणून एक अनुभव. बंद जिनिंगमध्येसुद्धा रुईचे तंतू वर्षानुवर्षं उडत राहतात, छताच्या पत्र्यावर साचलेले असतात. मोटारीच्या जाळ्या आम्ही रोज साफ करायचो. ऑइल कूलर आणि सिलिंडरच्या पाकळ्या झाकून ठेवा. उघडं इंजिन असेल तेव्हा पंखा लावू नका.

---

पाना_दर्यापूर

झाकलं. वरून जुन्या सुती धोतराचं कापड, त्याचा तंतू सुटतो म्हणून ते काढून प्लास्टिक. धन्यवाद.

---

पाना_दर्यापूर (नऊ दिवसांनी)

क्रँकचा निकाल आला.

तडा आहे. नाकावरच्या चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून निघून चार नंबरच्या जर्नलकडं जाणारी रेघ, माझ्या करंगळीच्या नखाएवढी. काळ्या दिव्याखाली ती हिरवी उजळली तेव्हा तपासणाऱ्यानं मला आत बोलावलं आणि काही न बोलता बोट ठेवलं. बाहेर उजेडात आणून मी भिंग लावून बघितलं, काही दिसत नाही. बोट फिरवून बघितलं, काही लागत नाही. तोच क्रँक मी माझ्या गॅरेजमध्ये पॉलिश करून, नवे बेअरिंग टाकून बसवला असता आणि ०.१० चा एंडप्ले बघून समाधानानं घरी गेलो असतो.

येताना बडनेऱ्याला चहाला थांबलो. क्रँक मांडीवर होता. प्रोपेलर निघून गेला असता तर काका कुठल्या उंचीवर असते, याचाच विचार येत होता.

काकांनी रेघेचा फोटो वहीत चिकटवला आणि खाली तारीख टाकली. मग विचारलं, पुढं काय.

पुढं असं ठरलं. नवा घडीव क्रँक, स्ट्रोक ६९ चाच. बोअर ९२ करून १८३५ सीसी करायचा मोह झाला होता, कारण सिलिंडर तसेही नवे लागणार. पण त्यासाठी केस आणि हेड मोठे कापावे लागतात, आणि जास्त ताकद म्हणजे हेडमध्ये जास्त उष्णता. काका ५८ किलोचे आहेत. १६०० पुरेसं आहे. जुना हब भंगारात. नव्या हबला चार नंबरच्या जागी मोठं बेअरिंग येतं, त्यासाठी केस त्या टोकाला बोअर करावा लागेल, आणि हब क्रँकवर गरम करून बसवायचा, म्हणजे ताण चावीवर न येता पूर्ण पकडीवर येतो. केस अकोल्याला आपल्या लेथवाल्या दादांकडं दिलाय. त्यांनी मोजून सांगितलं, आधी बोअर झालेला नाही.

---

लेथ_एमआयडीसी_अकोला

केस झाला. तिन्ही भोकं ६५.५०, एका रेषेत. माप तीन जागी घेऊन कागदावर लिहून सही केली आहे. घ्यायला या. पैसे हबच्या बाजूच्या कामाचे घेईन, बाकीचे नाही.

---

वावरातला_गडी

मिस्त्रीभाऊ, प्रोपेलर लाकडाचा हाय ना? आमच्या बैलगाडीची धाव, चाकावरची लोखंडी पट्टी, उन्हात ढिली पडते अन् पावसात घट्ट होते. तसंच होईन त्याचं. बोल्ट पाहत राहा.

---

हँगर_सोनेगाव

अगदी बरोबर सांगितलेत. लाकडी प्रोपेलरच्या बोल्टचा टॉर्क ऋतू बदलला की तपासायचा असतो. मे महिन्यात लाकूड आक्रसते, बोल्ट ढिले होतात, हब सरकतो आणि लाकूड घासून जळते. वहीत दर पंचवीस तासांनी आणि प्रत्येक ऋतूच्या सुरुवातीला अशी नोंद घाला.

---

पाना_दर्यापूर

घातली. 'बैलगाडीची धाव' असंच लिहिलंय काकांनी, म्हणजे विसरणार नाही.

काल रात्री क्रँक केसमध्ये बसवून नुसता टॉर्क दिला. हातानं फिरतो, एका बोटानं, कुठंही न अडकता. फ्लायव्हीलच्या मागं तीन शिम, डायल गेज लावला: ०.१०. काढून परत बसवला: ०.१०. काकांनी स्वतः लावून बघितला: ०.१०. तिघांच्या सह्या, माझी, त्यांची आणि माझ्या पोराची. त्यानं पहिल्यांदा मायक्रोमीटर वाचून आकडा सांगितला.

टॉर्क पाना अमरावतीहून तपासून आणलाय. जोडाला सिलिकॉन लावणार नाही, सीलंटचा एकच पातळ हात. नवा कॅम असल्यानं पहिला स्टार्ट झाला की वीस मिनिटं २००० आरपीएमच्या खाली येऊ द्यायचं नाही, मग बंद, थंड, हेडचे नट परत ओढायचे, टॅपेटची (वाल्व्हची) फट परत ०.१५ मिमीला, ऑइल गाळून धातूचा कण शोधायचा. पहाटे करणार. दोर आणून ठेवलाय.

पैनगंगा_काठ ताई, झालं की इथं लिहीन.